केलची पानं चोळताना

मीरा, ओम, परवापासून आपल्याकडे दोन्ही वेळचा डबा येणार आहे. माझ्या हातांना आता स्वयंपाक झेपत नाही, म्हणून हे आजच लिहून ठेवते. तुम्ही फोनवर शिकवलेली केलच्या, म्हणजे त्या कोबीच्या जातीतल्या परदेशी पालेभाजीच्या, पानांची कोशिंबीर मी आज बहुधा शेवटची केली.

देठ काढून पानं बारीक चिरली आणि मीठ, लिंबू, चमचाभर तेल घालून चोळायला बसले. पाच मिनिटं चोळायचं, असं तुम्ही सांगितलं होतं. तेवढ्यात मला तीनदा थांबावं लागतं. थांबले की परातीकडे बघत राहते. ताठ, कडवट पान हळूहळू गडद होतं, अंग सोडतं आणि परातभर पसारा वाटीभर उरतो. आयुष्यभर मी सगळं चुलीवरच मऊ केलं. नुसत्या हातांनीही मऊ करता येतं, हे कळायला फार उशीर झाला.

तुमचे आजोबा डोकावले. "अगं, फोडणी राहिली!"

"हे कच्चंच खायचं असतं."

"मग मला काय गोठ्यात बांधणार आहेस?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. भिजवलेली मूगडाळ, दाण्याचं कूट, दही घातलं आणि वर हिंग-मोहरीची फोडणीही दिली. रागावू नका. आजोबांनी दोनदा मागून घेतली.

माझ्या बोटांत आता जोर राहिलेला नाही. पान कधी मऊ झालं, हे मात्र त्यांना अजून कळतं.