आलोच, भाऊ!

चामोर्शीच्या बाजारात माझ्या ओळखीच्या एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बोलताना कोणी मधेच हाक मारली की तो "आलोच, भाऊ!" म्हणून उठतो आणि तिकडेच रमतो. त्याच्या अर्ध्या वाक्यापाशी मी कैकदा ताटकळलोय.

धानात रानडुकरं शिरतात म्हणून त्याने मला भोंगा करून दिला. शेताभोवतीची तार हलली की त्यातला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड हातचं काम सोडून भोंगा वाजवणार. पण एकदा वाजला की बोर्ड अडकायचा. पुन्हा तार हलवली तरी ढिम्म.

त्याने लॅपटॉपवर प्रोग्राम वाचला आणि मांडीवर थाप मारली. "इंटरप्ट, म्हंजे मधातली हाक, आली का हा भोंगा वाजवून तिथीच अडकून बसते! हाक आयकाची, खूण ठेवाची, आपल्या कामावर परत फिराचं. भोंगा मंग वाजवाचा. इतकंबी समजत नाई याले?"

"पण प्रोग्राम लिहिला कोणं?"

"मीच!" तो खदखदून हसला.

आता भोंगा दरवेळी वाजतो. ते सांगायला काल फोन केला. "बोला ना," म्हणाला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "आलोच, भाऊ!" फोन टेबलावर तसाच सुरू राहिला, आणि पलीकडे तो गिऱ्हाइकाला रंगून सांगत होता, "बोर्ड परतच नव्हता फिरत ना, भाऊ! मी शिकवलं त्याले."