सरूमावशीचा रिव्हर्स

गाडीला नमस्कार करायचा तर सगळे पुढून करतात. सरूमावशी मात्र मागे जायची, पदर खोचून वाकायची, मागच्या बंपरला हात लावून तो कपाळाला लावायची आणि मग पुढे येऊन, चपला काढून, स्टिअरिंगवर बसायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी खाली पडलं असणार. विचारल्यावर म्हणाली, "फुडला माका दिसता गो. मागला कोण बघतलो? ता देवाकच सांगूक व्हया." आणि चपला कशाला काढतेस? "ब्रेक पायाक कळूक व्हयो."

ही माझी सख्खी मावशी, राहणार देवबाग. काकांची होडी होती. काका गेले, होडी विकली, आणि मावशीने घराच्या दोन खोल्या रंगवून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. मी तेव्हा मालवणात नोकरीला होते आणि राहायला तिच्याकडेच. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायला रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करून ती कंटाळली आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला गेली. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा तिने आपली कचेरीतली शुद्ध मराठी बाहेर काढली, "साहेब, मला गाडी चालवायची आहे, विमान नव्हे." परवाना मिळाला. सेकंडहँड पांढरी गाडी आली. तिच्या शेजारी बसून मी बाजारातून जायचे तेव्हा ओळखीचं कोणी दिसतंय का, हेच बघत असायचे. माझं ते बघणं मावशीच्या लक्षात येऊ नये, लोकांनी मात्र मावशीला पाहावं, एवढीच इच्छा!

देवबागेत गाडी पुढे नेणं सोपं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून एकच रस्ता. चुकायला वावच नाही. कठीण आहे ते मागे घेणं. मावशीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून रस्त्यावरूनच ती उलटी आत घ्यावी लागे. आत जाणारी पाणंद अरुंद. डावीकडे माड, उजवीकडे शेजारच्या बाबलकाकांचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी कुंपणभिंत, आणि शेवटाला विहीर. बाबलकाका रोज संध्याकाळी त्या गडग्यावर बसलेले असत. गाडीचा आवाज आला की विडी शिलगावत आणि म्हणत, "चला, सरूवैनीचो सिनेमा सुरू झालो." सिनेमा रोज होई आणि रोज सुखान्त होई, याचं त्यांना थोडं वाईटच वाटत असावं.

मावशीचा मुलगा, तिच्या भाषेत झील, सुहास मुंबईला. आईची काळजी फोनवरून करणाऱ्या मुलांची काळजी जरा जास्तच वाढते, तसं त्याचं होतं. एका सुट्टीत आला तेव्हा त्याने गाडीच्या मागच्या बंपरला पार्किंग सेन्सर बसवून घेतले. बंपरमध्ये चार काळ्या टिकल्या, आणि आरशाजवळ एक छोटी डबी. गाडी मागे घेताना काही आडवं आलं की डबी ओरडायची. जितकं जवळ, तितकी घाईने. मावशीने आठवड्याभरात तिचं नाव नणंद ठेवलं. "मागे उभी ऱ्हवान टोमणे मारता, पण घराक धरून आसा," म्हणायची. दोघींचं छान जमलं.

पण खाऱ्या हवेपुढे कोणाचं काय चालतं? आमच्याकडे खिडकीचे गज सडतात, तिथे या टिकल्यांची काय कथा. वर्ष-दीड वर्षात नणंद खोटं बोलायला लागली. मागे मोकळं मैदान असलं तरी किंचाळायची. रिव्हर्स टाकला रे टाकला की सुरू. मावशीने आधी चारदा उतरून पाहिलं, मग तिने ऐकणंच सोडलं. "नणंदेचा सगळाच ऐकलंय तर संसार कसो होतलो?" म्हणायची आणि आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी मागे घ्यायची. मग एका दुपारी बाबलकाकांनी गडगा दुरुस्तीसाठी पाणंदीच्या कडेला चिरे उतरवून ठेवले. मावशी कुडाळहून पाहुणे घेऊन आली. नणंद ओरडत होती. त्या दिवशी ती खरं बोलत होती, पण ते कोणाला कळणार? गाडी चिऱ्यांवर आपटली, मागचा दिवा फुटला, बंपरला खोक पडली. लागलं कोणालाच नाही. पाहुणे हसले, मावशी मात्र पांढरीफटक झाली.

बाबलकाकांनी तो सिनेमा खाडीपासून समुद्रापर्यंत पोचवला. चिरे आपण ठेवले होते, एवढंच सांगायचं राहून गेलं. बातमी मुंबईलाही गेली, आणि रात्री सुहासचा फोन आला. स्पीकर नव्हता, पण तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला सगळं ऐकू आलं. "आई, गाडी इकूया. माका हय झोप लागणा नाय. नारळी पुनवेक येतंय, कुडाळचो एक माणूस बघूक येतलो, तेका सांगून ठेवलंय." मावशी फोन ठेवून चुलीपाशी जाऊन बसली. मला वाटलं, रडणार. ती म्हणाली, "होडयेची वाट बघण्यात माझो जन्म गेलो, चेडवा. वारो सुटलो की दारात, काळोख पडलो की दारात. आता परत रिक्षेची वाट बघीत दारात बसूक माका सांगतत." एवढंच बोलली आणि भाताखालचा जाळ पुढे सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गाडीत बसवलं. चावी फिरव, इंजिन चालू करू नको, हातब्रेक ओढ, रिव्हर्स टाक. मी टाकला. नणंद किंचाळली. मावशी मागे उकिडवी बसली आणि एकेका टिकलीवर बोट ठेवून डोळे मिटून राहिली, वैद्य नाडी बघतो तशी. चांगल्या सेन्सरला बोट लावलं की आत बारीक टिकटिक जाणवते. हे तिला सेन्सर बसवणाऱ्याने कधीतरी सांगितलं होतं आणि तिने ते जपून ठेवलं होतं. "हेची नाडी लागता. हेचीय लागता, पण बारीक. हेची गेली. आणि ह्यो तर कवाच मेलो." एक टिकली उपसून काढली तर मागच्या तारेच्या जोडावर हिरवट कीट साचलेलं. मावशीने ते नखाने खरवडलं आणि प्रथमच तिचा चेहरा उजळला. "बघ, माजी नजर गेली नाय. हेची गेली."

मालवणातल्या मेकॅनिकने सांगितलं, काढूनच टाका, खाऱ्या हवेत टिकायचे नाहीत. मावशीने त्याचं ऐकून घेतलं, नवा संच मागवला आणि घरी घेऊन आली. मी म्हटलं, अगं निदान बसवून तरी घ्यायचे त्याच्याकडून. तर म्हणाली, "जाळा फाटला म्हणान कधी कोणाच्या दारात नेलंव काय? आपणच सांधलंव ना?"

आणि खरोखर तिने ते जाळं सांधल्यासारखंच केलं. पावसाची उघडीप बघून खळ्यात पोतं अंथरलं. गाडीच्या डिकीतली चटई उचलली, बाजूचं आवरण सोडवलं, तर आत ती सगळ्यांची मालकीण पेटी आणि तिच्यात खोचलेल्या चार तारा. मी लगेच ओढायला निघाले. मावशीने हातावर चापट मारली. आधी तिने काकांच्या सामानातला जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणला आणि प्रत्येक जुन्या तारेच्या शेपटाला बांधला. मग बंपरखालून हात घालून जुनी तार ओढली, तशी तिच्या मागून दोरा आला. त्या दोऱ्याला नवी तार बांधली आणि उलट ओढून घेतली. आतली वाट शोधायची गरजच पडली नाही. कुठली तार पेटीत कुठे जाते ते विसरू नये म्हणून दोऱ्यांना वेगवेगळ्या गाठी. जोडांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या, खार शिरू नये म्हणून. टिकल्यांच्या पाठीवर बाण असतो, तो वर ठेवायचा, नाहीतर त्या जमिनीलाच बघत बसतात; सोबतच्या कागदावरून ते मी वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या वाट्याचं काम मला मिळालं.

बाबलकाका गडग्यावर होतेच. "सरूवैनी, गाडी दुरुस्त करतंस काय जाळा इणतंस?"

"भावजी, ते चिरे तेवडे हलवा," मावशी मान वर न करता म्हणाली, "नायतर तुमकाच थय हुबे करून टेस्टिंग करतलंय."

चिरे त्याच संध्याकाळी हलले. टेस्टिंग मीच करून दिलं. गाडी बंद, रिव्हर्स टाकलेला, आणि मी हातात खराटा घेऊन मागून हळूहळू जवळ येत होते. नणंद आधी गप्प, मग संथ, मग घाईची. बाजूला झाले की गप्प. आत बसलेली मावशी दर वेळी टाळी वाजवायची. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी दुसऱ्या दिवशी कामावर ज्याला त्याला ते सांगत सुटले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुहास आला. पौर्णिमेच्या सकाळी किनाऱ्यावर सगळ्या होड्या धुऊनपुसून, हार घालून उभ्या होत्या. मावशीला होडी नव्हती. तिने झेंडूचा एक लांब हार केला, गाडीला हळदकुंकू लावलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे हार मागच्या बाजूला, डिकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बांधला. समुद्राला नारळ देऊन आम्ही गाडीने परत आलो. दुपारी कुडाळचा माणूस गाडी बघायला येणार होता. सुहास आधीच उतरून बाबलकाकांजवळ जाऊन उभा राहिला होता. मावशीने त्याला सांगितलं होतं, "सगळा नवीन बसवलंय. तू भायर हुबो ऱ्हवान बघ. मगे काय ता ठरव."

तिने रिव्हर्स टाकला, आणि नणंद किंचाळली. थांबेचना. अगदी जुन्यासारखी, एकसुरी, कानठळ्या बसवणारी. मी शेजारीच बसले होते. बाहेर बाबलकाका "परत तोच सिनेमा!" म्हणाले. सुहास काचेशी आला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "ऱ्हवांदे आई. मागे काय एक नाय. मी बघतंय मा हयसून. घे तशीच आत."

मावशी ती गाडी डोळे बांधूनही आत घेऊ शकली असती. माड कुठे, गडगा कुठे, तिला पाठ होतं. दोन मिनिटांचं काम, आणि अब्रू राहिली असती. तिने हातब्रेक ओढला.

"मागे कायतरी आसा," ती म्हणाली.

"आगे, काय एक नाय!"

"तुका दिसणा नाय. हेका दिसता. हे माज्या हातान बसवलंय मी, हे उगीच बोंबलूचे नाय."

ती अनवाणीच उतरली आणि मागे गेली.  मग मावशीचं हसणं ऐकू आलं, असं की बाबलकाका गडग्यावरून उडी मारून आले. झेंडूचा हार एका बाजूने सुटून खाली लोंबत होता, बरोबर दोन टिकल्यांच्या तोंडासमोर. त्या दिवशी जिकडेतिकडे हारच हार, त्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांत भरलाच नव्हता. "मीच घातलंय आणि मीच माका आडवी इलंय!" मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली. हार काढून तिने बोनेटवर टाकला आणि परत येऊन बसली. नणंद आता गप्प होती. माड गेला, गडगा गेला. विहिरीजवळ ती हळू आवाजात बोलायला लागली, घाई करायला लागली, आणि कट्टा हातभर असताना मावशी थांबली.

सुहास विहिरीपाशी आला. बंपर आणि कट्टा यांच्यातल्या जागेत त्याने हात आडवा धरून पाहिला. मग मला म्हणाला, "मी आसतंय तर तशीच मागे घेतलंय आसतंय." आणि खिशातून मोबाइल काढून त्याने कुडाळच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.

मावशीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ती गाडी तिच्याकडेच होती, आणि शेवटपर्यंत ती स्वतः चालवत होती. पण तिची आठवण आली की मला दिसते ती पौर्णिमेनंतरची सकाळ. सुहास परत निघाला होता. दर वेळी तो आदल्या दिवशीच रिक्षा सांगून ठेवायचा. त्या दिवशी त्याने कोणाला काही न विचारता आपली बॅग गाडीच्या डिकीत ठेवली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला. मावशी दारात उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, हात पुसले, किल्ली घेतली आणि येऊन त्याच्या शेजारी बसली.

"पट्टो लाव," ती म्हणाली.

त्याने निमूटपणे लावला. गाडी पाणंदीतून पुढे आली तेव्हा बाबलकाकांनी सवयीने हाक मारली, "खंय गो वैनी, सकाळीच?"

मावशीने काच पूर्ण खाली केली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "झिलाक पोचवूक जातंय!"