तोंडात दोरा धरून बोलणारा आवाज

आधीच सांगतो, भुताखेतांच्या विषयात आपण साफ नापास. परतूरच्या हॉस्टेलामागच्या चिंचेवर जी बाई रडायची ना... ती मीच. आवाज माझा, चादर वॉर्डनसरांची. त्यामुळे कुणी "मला आवाज ऐकू आला" असं लिहिलं की माझा पहिला प्रश्न — तिथे मिमिक्री करणारं कुणी होतं का? तर या किश्श्यात होतं. मीच होतो. आणि तरीही मला झेपलेलं नाही.

गाझियाबादला मेट्रोच्या मागच्या गल्लीत वानखेडे काका-काकूंच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. दिल्लीत आलो होतो यूपीएससीसाठी. ती काही झाली नाही, मग नोएडात नोकरी धरली. काका मूळचे कामठीचे, सरकारी नोकरीतून रिटायर. त्यांना एकच नाद — चामड्याच्या कामाची जुनी हत्यारं जमवायची. आऱ्या, चामडं कापायची रापी, टाके मारायच्या सुया, ठोकणी. कबाडीच्या भंगारातून आणायची आणि पात्यावरचा कारखान्याचा ठसा वाचून ती कुठली, कुणी बनवलेली, ते शोधायचं.

नाद म्हणजे टाइमपास नव्हता हां. काकांचे वडील टांग्याच्या घोड्यांचं सामान बनवायचे. लगाम, खोगीर, पट्टे. काका चौथीत असताना ते गेले. टांगेही गेले, हत्यारं कुठे कुठे पांगली. काकांना पक्कं आठवतं की बाबांच्या रापीवर मोराचा ठसा होता. तो मोर ते आजवर शोधतायत.

"चेहरा आठवतो बे," काका एकदा म्हणाले, "हात तर अजून समोर दिसतात. आवाज नाही आठवत. कितीही ताण दिला तरी नाही. तू सगळ्यांचे आवाज काढतोस... न ऐकलेला काढता येतो का?"

"नाही काका. डाउनलोड केल्याशिवाय प्ले होत नाही."

तेव्हा हसले. मीही हसलो.

तर या संक्रांतीला आम्ही पानिपतला गेलो होतो, काला अंबला, मराठ्यांच्या स्मारकावर. काका दरवर्षी जातात. पानिपत म्हटल्यावर तुम्ही लगेच घोड्यांच्या टापा वगैरे ऐकायला बसला असाल... तर नाही. तिथे काही झालं नाही. नमस्कार केला, फोटो काढले, तिळाचा लाडू खाल्ला. येताना चादरींच्या दुकानांच्या रांगेत एक कबाडी दिसला आणि काकांनी गाडी थांबवायला लावली. लोखंडाच्या ढिगात एक रापी होती. अर्ध्या चंद्रासारखं पातं, मधोमध मूठ, सगळी गंजलेली. ठसा होता, पण वाचता येत नव्हता. मी रुमालाने घासायला गेलो तर काका असे ओरडले, की कबाडीच दचकला.

"घासू नको! गंजाबरोबर ठसा पण जातो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात बसलो. काकू बाजूला मटार सोलत होत्या. काकांची पद्धत ठरलेली. आधी तेलाचा बोळा नुसता टेकवायचा, रगडायचं नाही. मग टाल्कम पावडर भुरभुरायची, अलगद पुसायची. खोल अक्षरांत पावडर राहते आणि आरसा तिरपा धरून ऊन टाकलं की ठसा वर येतो. ही सगळी तयारी चालू असताना माझं काम म्हणजे हत्यार हातात धरून त्याच्या मालकाचा आवाज काढायचा. आमचा जुना खेळ. कानपूरचा मिस्त्री, आग्र्याचा चाचा, पान खाणारा ठेकेदार...

"आज कोण आहे रे?" काकूंनी विचारलं.

"आज गोरा साहेब. पातं विलायती वाटतंय."

"बघ हं, मागच्या वेळचा साहेब आमच्या भाजीवाल्यासारखाच बोलत होता."

मी रापी हातात घेतली. मान ताठ केली, साहेबासाठी तोंड उघडायला गेलो... आणि ओठ उघडलेच नाहीत. म्हणजे एका कोपऱ्यातूनच उघडले. जड, संथ, दातांत काहीतरी धरल्यासारखा आवाज निघाला —

"थांब नं. ओल बसू दे आंधी."

बस, एवढंच. जिभेवर मेणबत्ती चावल्यासारखी चव आली होती. मला वाटलं, वा, हा नवीन आवाज मस्त जमला. कोण आहे हा?

काकू जिन्याकडे बघत होत्या. "कोण आलं? खालून कुणी बोललं का?"

काकांच्या हातातला आरसा मांडीवर पडला होता. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "दोरा कुठाय?"

"कुठला दोरा?"

"तोंडात दोरा होता तुझ्या."

मी तोंड उघडून दाखवलं. काही नव्हतं. काकांनी माझी हनुवटी धरून खरंच आत पाहिलं, लहान पोराने माती खाल्लीय का बघतात तसं. 

हळूहळू सांगितलं त्यांनी. चामडं कापायच्या आधी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. ओल आत मुरली की रापी नीट चालते. काकांना लहानपणी धीर नसायचा, मधेच फडकं उघडून बघायचे. आणि बाबा हातातलं काम न सोडता, मेण लावलेला दोरा दातांत धरून, तोंडाच्या एका कोपऱ्यातून तेच म्हणायचे. रोज. काकांना हे शब्दसुद्धा आठवत नव्हते. माझं ऐकल्यावर आठवले.

आता माझ्या डोक्यात आलं ते तुमच्याही येईल — काकांनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेल, माझ्या मेंदूत सेव्ह झालं असेल. पण काकूंनी इतक्या वर्षांत हे ऐकलेलं नाही. सासऱ्यांना त्यांनी पाहिलेलंही नाही. आणि "आधी"ला "आंधी"? दिल्लीत राहून राहून काका "पहले" म्हणतात यार! माझ्या घरीही कुणी तसं बोलत नाही.

मग आम्ही ठसा वाचला. मला तर खात्रीच होती, मोरच निघणार.

मुकुट निघाला. खाली विलायतेतल्या शेफील्डची अर्धी अक्षरं. आणि काका म्हणाले, बाबांची रापी सरळ पात्याची होती, असली अर्धगोल त्यांनी कधी वापरलीच नाही. म्हणजे रापी त्यांची नाही. काहीच संबंध नाही.

"परत काढ," काका म्हणाले.

नाही निघाला. मी, ज्याने प्रिन्सिपलच्या आवाजात अख्ख्या शाळेला सुट्टी दिलीय, मला एवढीशी दोन वाक्यं जमेनात. मग रोज संध्याकाळी आमची प्रॅक्टिस सुरू झाली. काका दोऱ्याला मेण लावून द्यायचे, मी तो दातांत धरायचो. "थोडा जाड... घाई नको करू... हां, असा." काका खूश असायचे. ऑफिसातून यायला उशीर झाला तर गेटवर उभे असायचे. काकू म्हणायच्या, "पोरगा दमून आलाय, आधी चहा तरी पिऊ द्या सासऱ्यांना!" आणि मी काय, कलाकार माणूस... दाद मिळाली की सुटतोच. बारीक बारीक करत आवाज अगदी पक्का बसवला.

एका संध्याकाळी मी सुरू केलं आणि काकांनी हात वर केला.

"पुरे बे आता."

"का? चुकलं?"

"नाही. बिल्कुल बरोबर करतोस." ते दोरा बोटाला गुंडाळत होते. "आज सकाळी बाबांना आठवून बघितलं. तर तूच ऐकू आलास. गच्चीवरचा जो होता... तो थोडासाच उरलाय. तेवढा राहू दे."

दोरा त्यांनी माझ्या हातात दिला, मी तो पाकिटात टाकला. 

तेव्हापासून मी त्या घरात सगळ्यांचे आवाज काढतो. काकूंचा, केबलवाल्याचा, खुद्द काकांचाही. तो एक सोडून. अर्धगोल रापी काकांनी पावडरीसकट तशीच ठेवलीय, खिडकीत. मोर अजून शोधतायत.

एक आहे. तो मेणाचा दोरा माझ्या पाकिटात राहिला. घरात कुणी नसताना कधीतरी मी तो दातांत धरतो, डोळे मिटतो आणि काहीच ठरवत नाही, नुसतं तोंड उघडतो. चव तीच येते, गच्चीवरची.

आवाज मात्र माझाच असतो.