कालवांचं पंचपाळं

पन्नाशी आली, आता सांगूनच टाकतो. वीस वर्षं मी मलकापुरात बसून चोरून समुद्र जमवला. म्हणजे चिनी मातीच्या जुन्या नक्षीदार बशा आणि ताटं, त्यांच्यावर मासे, कोळंब्या आणि कोळंब्यांच्या थोरल्या बहिणी, शेवंडी.

आई माळकरी. मासळीचं नाव काढलं तरी पदर नाकाला. त्यामुळे सांगलीच्या जुन्या बाजारातून आणलेली प्रत्येक बशी मी खोटं बोलूनच घरात घेतली. मासा म्हणजे मत्स्यावतार. आणि ताटभर पसरलेली ती तांबडी शेवंड? "देवीचा विंचू गं, आई."

सगळ्यात मोठं पाप पाच खळग्यांच्या ताटलीचं. इंग्रज तिच्यात शिंपल्यातली कालवं खायचे, एकेका खळग्यात एकेक. बायको ती बघून म्हणाली, "अय्या, चिनी मातीचं पंचपाळं!" मी नुसती मान हलवली. तेव्हापासून दर संक्रांतीला ती त्या खळग्यांत बोट बुडवून गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकू लावायची आणि मी आतल्या खोलीत पेपरात तोंड खुपसून बसायचो.

गेल्या भोगीला सकाळी आईनं ती ताटली उचलली आणि गंधासाठी थेट देवघरात मांडली. मग मात्र राहवेना. सगळं सांगितलं.

आईनं ताटली देवघरातून उचलून खाली ठेवली. मग म्हणाली, "समद्याच बशा उष्ट्या हायत का रं?"

"समद्याच."

"आनि मी त्या इंचवाला रोज हात जोडत हुते!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तरी म्हटलं, विंचवाला एवढ्या मिशा कशा!"

आईनं तिथंच निकाल दिला. "उद्या वाण म्हणून ह्येच लुटायचं. ज्या मासं खात्यात त्यास्नीच द्यायचं."

"आई, लय जुन्या बशा हायत गं..."

"तुजं पाप बी जुनंच हाय."

दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं झालं. ताटली तेवढी राहिली. ती द्यायला आईच तयार होईना. "गल्लीतल्या समद्यांच्या कपाळाला ह्यातलं कुकू लागलंय. आता कसलं कालव?" देवघरात मात्र घेतली नाही. बाहेरच्या कोनाड्यात ठेवली.

हल्ली मी संध्याकाळी गल्लीतल्या एकेका घरी चहाला जातो. कोपऱ्यावरच्या घरात माझ्या शेवंडीच्या ताटात कांदाभजी येतात. भजी संपल्याशिवाय शेवंड दिसत नाही, म्हणून मी सगळी खातो.