परबवहिनींच्या भाकऱ्या आणि माझा मेसेज

गेल्या रविवारी लालबागला आमच्या घरी प्लंबर आला होता, बाथरूमचा नळ बदलायला. डक्टची खिडकी उघडून त्याने आत डोकं घातलं आणि म्हणाला, "साहेब, इकडचा क्लॅम्प निघालाय. पंप चालू झाला की पाइप भिंतीवर आपटत असणार. सकाळी आवाज येत नाय तुम्हाला?"

येतो. रोज पहाटे पाचला येतो... आणि त्या आवाजाबद्दल महिन्यापूर्वी मी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारही केली होती. पण पाइपची नाही, परबवहिनींची.

परबवहिनी बरोब्बर आमच्या डोक्यावर, बाराव्या मजल्यावर राहतात. टॉवर व्हायच्या आधी चाळीत त्यांची खोली आमच्यापासून दोन दारं सोडून होती. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून त्या परळच्या एका खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायच्या. पहाटे उठून साठ-सत्तर भाकऱ्या. घर बरंचसं त्यावरच चालत होतं आणि हे मला नीट माहीत होतं.

आवाज सुरू झाला तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. धप्... धप्... धप्. वर भाकऱ्या करणारी बाई राहते, म्हणजे भाकऱ्याच! मला डायरी लिहायची सवय आहे, तर आवाजाच्या तारखाही त्यात टिपत गेलो.

मग एका सकाळी, झोपमोड झाल्याच्या रागात, ग्रुपवर टाकलं... "पहाटे पाचपासून थापण्या-आपटण्याचे आवाज येतात. फ्लॅटमध्ये राहताना खाली राहणाऱ्यांचा थोडा विचार व्हावा, ही नम्र विनंती." नाव लिहिलं नव्हतं. आपण किती सभ्यपणे सांगितलं, याचं समाधानही वाटलं होतं.

नावाची गरज कुणाला पडली नाही. कुणीतरी लगेच विचारलं, "घरात धंदा करायला परवानगी आहे का?" दोन दिवसांत सेक्रेटरींचं पत्र वर गेलं. मी आवाजाबद्दल लिहिलं होतं, पत्र गेलं धंदा बंद करा म्हणून. मला ते खटकलं... पण गप्प बसलो. आता आपल्याला झोप मिळेल ना.

वहिनींनी भाकऱ्या बंद केल्या. आवाज मात्र येतच राहिला. तेव्हा तरी शंका यायला हवी होती. मी मनाशी काय म्हटलं असेल? थोड्याफार चोरून करत असतील.

प्लंबरने क्लॅम्प बसवला. सोमवारी पहाटे सवयीने जाग आली, पाच वाजले, सव्वापाच झाले... पाइप गप्प. मी उठून डायरी काढली. शिमग्याला परब मंडळी पाच दिवस कणकवलीला गेली होती. त्या पाचही दिवसांपुढे माझ्याच अक्षरात 'आवाज' असं लिहिलंय. एका पानावर तर त्याच्याच खाली... 'परबांचं कुरिअर घेतलं. गावाहून आले की द्यायचं.'

हे मी स्वतः लिहिलं होतं. एकाखाली एक.

संध्याकाळी माफी मागायला वर गेलो. बेल वाजवण्याआधी पॅसेजमध्ये कुणी नाही ना, हे बघितलं... तेही सांगून टाकतो.

"या भावोजी, चहा टाकते," वहिनी म्हणाल्या. चहा होईपर्यंत मी सगळं सांगितलं, पाइप, डायरी, शिमगा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे मी बंद केल्यावर पण आवाज होताच? मग तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "तुम्ही चोरून करताय असं."

त्या हसल्याच. "चोरून? ओ भावोजी, सत्तर भाकऱ्या चोरून थापता येतात होय!" मग हसू आवरून म्हणाल्या, "परातीखाली गोधडी घालायची मी, पहिल्या दिवसापासून. खाली तुम्ही झोपलेले असता म्हणून."

मी पुन्हा सॉरी म्हटलं. "मला काय सॉरी बोलता?" त्या म्हणाल्या. "माझा आवाज नाय, हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा की."

खाली येऊन मेसेज लिहायला बसलो. 'थोडा गैरसमज झाला होता'... पुसलं. 'तांत्रिक कारणामुळे'... तेही पुसलं. तक्रार लिहायला मला दोन मिनिटं लागली होती, ही कबुली लिहायला तीन दिवस लागले. शेवटी गुरुवारी टाकली... "आवाज पाइपचा होता. परबवहिनींचा कधीच नव्हता. खात्री न करता मी लिहिलं. चूक माझी आहे."

सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये पत्र मागे घेऊ, वहिनींनी खुशाल सुरू करावं. पण तोवर खानावळवाल्याने भायखळ्याची दुसरी बाई धरली होती. तो तरी किती थांबणार? वहिनी सध्या भरउन्हात हॉटेलं-खानावळी फिरून काम शोधतायत आणि मी पहाटे शांत झोपतोय. याची लाज वाटते. त्या दिवशी त्यांनी मला दारातून परत पाठवलं नाही, याची तर जास्तच वाटते.

लालबाग, परळ, दादर भागात कुणाला रोजच्या तांदळाच्या भाकऱ्या हव्या असतील तर मला कळवा, मी वर निरोप देतो. भाकऱ्या उत्तम असतात, चाळीपासून खात आलोय. आणि हो, हे वहिनींना विचारून लिहितोय... या वेळी आधी विचारलं.