शिवलेली दोन पानं

धुळ्याहून भडगावला जाणाऱ्या एसटीत ती म्हातारी एकदाच माझ्या शेजारी बसली होती. रत्नागिरीतली प्रेक्षणीय स्थळं सांगणारं एक जुनं पुस्तक ती ओळींवर बोट फिरवत वाचत होती. माझी नोकरी आधी तिकडेच होती, असं मी म्हटलं, तशी ती सरकून जवळ आली.

"मंग बठ्ठं सांगा, भाऊ."

मी सगळंच सांगायला घेतलं. किल्ला सांगितला, थिबा राजवाडा सांगितला, दीपगृह सांगितलं. समुद्रावर आलो, तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ते नका सांगू. ते माले देखनं शे."

समुद्र तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. मग तिने पुस्तक उघडून दाखवलं. समुद्राची दोन पानं तिने दोऱ्याने शिवून बंद केली होती. कधी जाणार, हे मी विचारलं नाही. दोरा कधीकाळी पांढरा असावा.