ज्यानं आवळलं त्यानं बसायचं

आमच्या शेजारच्या काकांइतका चिवट माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. त्यांच्याकडून वस्तू दुरुस्त करून घेतली की वस्तूबरोबर काकाही घरी यायचे. उमेदीची वर्षं त्यांनी फौजेत हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात घालवली. तिथल्या उस्तादाचा नियम एकच: ज्यानं नट आवळला, त्यानं पहिल्या उड्डाणात आत बसायचं. निवृत्त होऊन अमरावतीत आले, हेलिकॉप्टर सुटलं, नियम सुटला नाही. आमचा पंखा दुरुस्त केला तेव्हा भर मे महिन्यात दुपारभर त्याच्याखाली सतरंजी टाकून झोपले. आम्ही घरचे ओसरीत घामाघूम. बागेतल्या झोक्याची कडी बदलली आणि सत्तरीतला हा माणूस पायजमा सावरत झोक्यावर, समोर मुलांची रांग. माझी स्कूटर दुरुस्त केली की मागं बसून थेट बडनेऱ्यापर्यंत. "काका, ब्रेक चांगला लागतोय." "गर्दीत लागला की सांगजो मले."

मी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं छापून वाटणारी मुलगी. मागच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या जत्रेत हेलिकॉप्टरची सफर आली, तेव्हा मी छापलं: 'तिकिटाआधी विचारा. यंत्र कोणी तपासलं? त्याचं प्रशिक्षण काय? सुरक्षेची साधनं कुठं आहेत?' लोकांनी त्यात फुटाणे बांधून नेले. त्यातून आईचं फुलांचं दुकान, उद्घाटनाचे हार आमच्याकडचे, म्हणून मालकानं पहिल्या फेरीत आईला फुकट जागा दिली. आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. जगाला ओरडून प्रश्न विचारणारी मी, तिच्यापुढं तोंड उघडू शकले नाही.

आई आत बसली, पट्टा लागला. माझ्याबरोबर आलेले काका मात्र हेलिकॉप्टरकडं बघतच नव्हते. बाजूला उभ्या चाळिशीच्या मेकॅनिककडं बघत होते. त्याचे डोळे झोपेविना तांबारलेले.

"सकाई काई खोललं होतं का रे बावा?"

"मागच्या छोट्या पंख्याचा नट. ढिला वाटला, आवळला."

"तपासला कोनं?"

"मीच."

"आवयनारा बी तूच, तपासनारा बी तूच?" काका मालकाकडं वळले. "याले आत बसवा."

मालक हसला. "आजोबा, सीटा फुल्ल हायेत. कावून पब्लिकले भेव दाखवून राहिले?"

"ओ बुढेबुवा, सरका!" मागून कोणीतरी ओरडलं. पायलटचा हात बटणांवर गेला. काका सरळ चालत त्याच्या काचेसमोर जाऊन उभे राहिले. माझ्या हातातली पत्रकं घामानं ओली झाली होती. आई आतून हातानं खुणावत होती, बाजूला व्हा, बाजूला व्हा.

काकांनी मेकॅनिकला अगदी हळू विचारलं, "तू बसतं का?"

मेकॅनिकचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. तो तिथंच थांबला. मग त्यानं खिशातून वीतभर तार काढली. नट फिरून सुटू नये म्हणून त्याला बांधायची तार.

"घाई करत होते सगळे... घालायचीच राहिली."

"एवढीशी तार!" मालक म्हणाला. हो, एवढीशी तार. आणि माझी आई. तपासायला दुसरा माणूस नाही, कामाची यादी नाही, मेकॅनिकला रात्रीची झोप नाही. हारांना मात्र पैसे होते, भोंग्याला होते!

आईला उतरवलं. "भाऊजींनी माई गावात बेइज्जती केली," म्हणून तिनं त्या दिवशी काकांचा चहा बंद केला. दुसऱ्या दिवशी नागपूरहून एक इंजिनिअर आला. त्यानं यादी हातात घेऊन एकेक नट पाहिला, चाचणीच्या फेरीत मेकॅनिक स्वतः बसला, आणि मग आई उडाली. काका जमिनीवर, मान वर करून उभे. हेलिकॉप्टर जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी हातातल्या पाण्याचा घोट घेतला नाही. त्यांच्या चहात त्या दिवसापासून आई दोन वेलदोडे जास्त घालायची.

आता काका अकोल्याला मुलीकडं असतात. गुडघा वाकत नाही. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले तर अंगणात बसून त्यांनी माझ्या स्कूटरचा ब्रेक आवळला, हात पुसले आणि सवयीनं मागच्या सीटवर पाय टाकायला गेले. दोनदा प्रयत्न केला. पाय वर आलाच नाही.

"जाय तू," ते म्हणाले. "पोचली की फोन कर."

मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी सीटच्या पुढच्या टोकाला सरकून बसले होते, मागं काकांपुरती जागा ठेवून.